गहाण टाकलेले शील

कार्तिकातली आळंदीची यात्रा आटोपून येताना संत तुकाराम नगरात एका सोसायटीच्या मंडपात कीर्तनसेवा झाली. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली, टाळकरी आपापले टाळ पिशवीत घालू लागले. तेव्हा तिशी-बत्तिशीचा एक तरुण खांबाशी उभा राहिलेला दिसला. ओळखीचाच. चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात पाळीने कामाला जातो. गळ्यातली माळ सात-आठ वर्षांपूर्वी मीच घातलेली. जवळ आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, ही माळ तुम्ही घातलीत, तुम्हीच उतरवून घ्या."

मला वाटले, घरात काही सुतकबितक आहे की काय! विचारले तेव्हा हळूहळू सगळे बाहेर आले. मोबाइलवर पत्त्यांचा डाव. आधी शंभर रुपये, मग पाचशे, मग रात्रपाळी सुटून आल्यावर झोपेऐवजी तोच उद्योग. तीन लाख चाळीस हजार गेले. निम्मे कर्जाचे होते. बायकोच्या दोन पाटल्या, तिच्या आईने दिलेल्या, गहाण टाकल्या. तिला सांगितले की पॉलिश करायला दिल्यात.

मग तो जे बोलला ते तसेच इथे देतो. "महाराज, मी दारूला शिवत नाही. मटण नाही. कंपनीतला एक खिळा कधी घरी आणला नाही. आईला उलट बोललो नाही. तरी हे झालं. आता दोनच गोष्टी आहेत. एक, मी मुळात चांगला नव्हतोच, ती सगळी सोंगं होती. नाहीतर दुसरी, पत्ते खेळणं एवढं वाईट नाहीच, मी उगाच रडतोय. दोन्हींपैकी खरं कुठलं?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. कीर्तनात आमच्याकडे उत्तरे तयार असतात, दृष्टांतही तयार असतात. पण समोर जिवंत माणूस रडत असताना तयार दृष्टांत फेकणे हे मला पाप वाटते. "विचार करून लिहून कळवतो," म्हटले. माळ तशीच ठेव म्हणालो. नाव-गाव न घालता लिहायला त्याने संमती दिली, म्हणून हा लेख.

विचार करू लागलो आणि गंमत पहा, आठवला तो ग्रंथ नव्हे तर सिनेमा! त्याचे कारण सांगतो. १९७५ च्या सुमारास मी पाठशाळेत लघुकौमुदी घोकीत होतो. शेजारच्या गावच्या जत्रेत तंबूतली टॉकीज आली. प्रवचनाला जातो असे गुरुजींना सांगून आम्ही तिघे विद्यार्थी तिकडे गेलो. चित्रपट होता राज कपूरचा 'श्री ४२०'. तो १९५५ सालचा. म्हणजे आमच्यापर्यंत यायला त्याला वीस वर्षे लागली. पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारले, "काल प्रवचनाचा विषय काय होता?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुरुजींना सगळे ठाऊक होते. त्यांनी छडी काढली नाही. म्हणाले, "जुगाऱ्याची गोष्ट पाहून हसू आलं ना? मग आजपासून मृच्छकटिकाचा दुसरा अंक लावू." व्याकरण चार दिवस बाजूला ठेवून त्यांनी आम्हाला तो अंक शिकवला. त्यामुळे माझ्या डोक्यात हे दोन्ही खेळ कायमचे एकमेकांना चिकटून बसले आहेत. मागच्या महिन्यात नातवाच्या मोबाइलवर तो चित्रपट पुन्हा पाहिला. (ज्या यंत्राने त्या पोराचे घर बुडवले त्याच यंत्रावर! असो.)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अलाहाबादचा एक पदवीधर अनाथ पोरगा पायी चालत मुंबईला येतो. त्याच्याजवळ मोठी संपत्ती म्हणजे इमानदारीबद्दल मिळालेले एक पदक. मुंबईत पदवीला कोणी विचारीत नाही. पोटासाठी तो ते पदक गहाणवट घेणाऱ्याच्या दुकानात ठेवतो. फुटपाथवर राहणाऱ्या गरिबांत त्याला आसरा मिळतो. तिथली केळीवाली गंगामाई म्हणजे आपल्या येवल्याच्या ललिता पवार, यांनी असे काम केले आहे की ती बाई आपल्याच आळीतली वाटते. मग दोन स्त्रिया येतात. एक गरीब शिक्षिका, तिचे नाव विद्या. दुसरी बड्या क्लबांत वावरणारी, तिचे नाव माया. पटकथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, कथेत आपले वसंत साठे त्यांच्या जोडीला. या मंडळींनी वेदान्त पढला होता की नाही कोण जाणे, पण नावे ठेवताना त्यांनी अद्वैताच्या शाळेतल्या पोरालाही कळेल इतके उघड केले आहे. नायक धोब्याकडे कामाला असतो, मायेच्या घरी कपडे पोचवायला जातो आणि तिथे त्याच्या बोटांत पत्त्यांची सफाई आहे हे तिच्या दृष्टीस पडते. तिथून त्याचा उत्कर्ष म्हणा की अधोगती म्हणा, सुरू होते. क्लबात राजपुत्राच्या वेषात तो डाव जिंकतो. मग शेठ सोनाचंद धर्मानंदाच्या हाती लागतो आणि शेवटी शंभर रुपयांत घर देण्याची लबाडीची योजना गरिबांच्या गळ्यात बांधली जाते.

नावातले ४२० म्हणजे १८६० च्या भारतीय दंड संहितेतले फसवणुकीचे कलम. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली. नव्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८ व्या कलमात बसवली आहे. पण आपल्याकडे लबाडाला अजूनही कोणी 'तीनशे अठरा' म्हणत नाही, आणि पुढची पन्नास वर्षे म्हणणारही नाही.

आता मुद्द्याचे. त्या सिनेमातली मला खटकणारी आणि तितकीच आवडणारी कल्पना म्हणजे ते पदक. शील हे जणू छातीवर लावायची वस्तू आहे; गरज पडली गहाण टाकली, दिवस पालटले की सोडवून आणली. आपला चाकणचा तरुणही याच कल्पनेत अडकला आहे. त्याची माळ हे त्याचे पदक. त्याला वाटते, एक तर पदक खरे होते आणि आता गेले, किंवा ते पहिल्यापासून पितळेचे होते. तिसरे काही असू शकते हे त्याच्या मनात येत नाही.

तिसरे काय, ते मला मृच्छकटिकात सापडते. शूद्रकाचे हे प्रकरण देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे चारुदत्त-वसंतसेना आपल्याला परके नाहीत. पण दुसऱ्या अंकातला संवाहक फारसा कोणाला आठवत नाही. हा पाटलिपुत्राचा. अंग चेपण्याची विद्या तो कला म्हणून शिकला, पुढे तीच पोटाचा धंदा झाली. उज्जयिनीत येऊन तो चारुदत्ताच्या पदरी राहिला. चारुदत्त दान करून करून निर्धन झाला, चाकरी सुटली, आणि हा जुगारावर जगू लागला. स्वतःची हकीकत सांगताना हा गडी एक मोठी चमत्कारिक गोष्ट बोलतो. तिचा आशय असा, की माझ्या धन्याजवळ जेव्हा फक्त चारित्र्य तेवढे शिल्लक राहिले, तेव्हा मी जुगारी झालो. गुरुजींनी तिथे पोथी मिटली होती आणि आम्हाला विचारले होते, "धन्याचं चारित्र्य शिल्लक, चाकराचं गेलं. का रे असं?" आम्ही पोरांनी ठोकून दिले, धनी ब्राह्मण होता म्हणून! गुरुजी म्हणाले, "गाढवांनो, धन्याला दुसऱ्या दिवशी पत्रावळीवर काय वाढायचं याची काळजी निदान बायको वाहत होती."

हे ऐकून कोणी म्हणेल, बुवा जुगाऱ्याला गरिबीची सबब देतात. तसे नाही. सबब वेगळी आणि कारण वेगळे. संवाहक दहा सुवर्ण हरतो, ते देण्याची ऐपत नाही, म्हणून पळतो. मागे अड्ड्याचा मालक माथुर आणि जिंकलेला जुगारी लागलेले. हा एका ओसाड देवळात उलट्या पावलांनी शिरतो, म्हणजे माग चुकावा, आणि गाभाऱ्यात देव होऊन उभा राहतो! ते दोघे येतात, ओळखतात की नाही याचा पत्ता लागू देत नाहीत, आणि तिथेच बसून फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज झाला की या देवाचे अंग शिवशिवते. तो मनाला आवरतो, पुन्हा आवाज होतो, पुन्हा आवरतो. शेवटी आपला डाव आहे असे ओरडत मूर्ती चौथऱ्यावरून उडी मारते. आणि अर्थात मार खाते.

याला आपण हसतो. का हसतो? या प्रश्नावर मी आठ दिवस घालवले. हा मनुष्य दुष्ट नाही. धन्याचे नाव निघाले की त्याचा कंठ दाटतो. पुढे वसंतसेना आपले कंकण पाठवून त्याचे देणे फेडते, तो त्याच दिवशी भिक्षू होतो, आणि आठव्या अंकात मेली म्हणून पाचोळ्याखाली टाकून दिलेल्या त्याच वसंतसेनेला हाच शुद्धीवर आणतो. इतका भला माणूस. पण फाशांच्या आवाजापुढे त्याचे भलेपण कामाला येत नाही. तो आवाज भलेपणाशी वादच घालीत नाही, थेट अंगाला जाऊन भिडतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे, चौतिसावे. त्यातला कितव हाच अनुभव सांगतो. आता खेळणार नाही असा निश्चय करतो आणि सोंगट्यांचा खडखडाट कानी आला की निश्चय विसरून तिकडे ओढला जातो. सासू तिरस्कार करते, बायको विटते, हे त्याला दिसत असते. दिसत नाही असे नाही. बेहड्याची ती फळे, त्यांना हात ना पाय, पण हातवाल्या माणसाला ती लोळवतात याचे त्या ऋषीला केवढे नवल वाटले आहे!

म्हणून तरुणाच्या पहिल्या पर्यायाला माझे उत्तर, "नाही." तू मुळात लबाड होतास आणि चांगुलपण सोंग होते, हे खरे नाही. दारू न पिणारा, खिळा न चोरणारा तोही तूच. पण दारूला न शिवण्याचा अभ्यास तू वर्षानुवर्षे केला होतास. दारूचा गुत्ता दिसला की तुझे पाय आपोआप दुसऱ्या बाजूला वळत. या खेळापुढे तुझा काहीच अभ्यास नव्हता. शील म्हणजे एक पदक नव्हे की ते सगळ्या दारांवर दाखवले की आत सोडतील. एका दाराला केलेला अभ्यास दुसऱ्या दारी उपयोगी पडेल असे गृहीत धरणे, इथेच भली माणसे फसतात. आणि भली असल्यामुळे अधिक फसतात, कारण 'मला काय होणार' हा विश्वास त्यांच्याच गाठीला असतो. धर्मराजाच्या गाठीला तो केवढा होता!

धर्मराजाचे नाव निघाले तेव्हा इथे थांबले पाहिजे, कारण इथेच हसणे बंद होते. संवाहकाला आपण हसतो, युधिष्ठिराला का हसत नाही? दोघांनाही डाव सोडवत नाही. दोघेही भले. द्यूतसभेत हसणारे आहेत, पण ते दुर्योधनाच्या बाजूचे; वाचणारा हसत नाही. एक उत्तर असे की तिथे राज्य गेले आणि इथे दहा मोहरा. ते मला पटत नाही. नळराजाचेही राज्य गेले. पण त्या आख्यानात नळाबद्दल कणव येते, युधिष्ठिराबद्दल येतो तसा संताप येत नाही. फरक पणात आहे. संवाहकाने आपली पाठ पणाला लावली, मार त्याच्याच पाठीला बसला. नळाचे सगळे हरल्यावर पुष्कर म्हणाला, आता दमयंती लाव. तेव्हा नळ उठला आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडला. युधिष्ठिर उठला नाही. भाऊ लावले, स्वतःला लावले, आणि मग तिला लावले जी त्या डावात बसलीच नव्हती.

द्रौपदीने सभेत विचारलेला प्रश्न आपण कीर्तनात वस्त्रहरणाच्या घाईत नेहमी पुढे ढकलतो. तिचा प्रश्न असा, की हे आधी स्वतःला हरले की आधी मला? स्वतःला आधी हरले असतील तर मला पणाला लावणारे हे कोण? भीष्मासारखा भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून मोकळा झाला. पण तिचा प्रश्न सूक्ष्म वगैरे मुळीच नव्हता. कोणाही बाईला कळेल असा होता. त्या तरुणाला मी दुसऱ्या भेटीत विचारले, "पाटल्या कोणाच्या?" तो म्हणाला, "घरच्याच." मी म्हटले, "घरच्या नव्हे. नाव सांग." फार वेळाने त्याच्या तोंडून बायकोचे नाव निघाले.

आता त्याचा दुसरा पर्याय, की खेळ मुळात एवढा वाईट नाहीच. आमच्याच परंपरेत बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, शिवपार्वतीही सारीपाट मांडतात. कौटिल्य तर द्यूताध्यक्ष नेमतो, एका जागीच खेळू देतो आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाला घेतो. याज्ञवल्क्य म्हणतो, खेळ एका ठिकाणी ठेवावा म्हणजे चोर सापडतात. मनू मात्र सरळ बंदी घालतो. म्हणजे हा वाद आजचा नाही. आपल्या सरकारनेही १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली, आणि त्याच काळात मुंबईत गिरणीच्या कामगाराचा पगार वरळीच्या मटक्यात जात होता, त्याच्यामागे पोलीस लागत होते. कौटिल्य आणि मनू दोघेही मंत्रालयात एकाच बाकावर बसले होते म्हणा ना!

कायद्याने मग एक रेघ ओढली, ती कौशल्य आणि नशीब यांच्यामधली. १८८७ च्या मुंबईच्या जुगारबंदी कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती. १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचा खटला, चमारबागवाला यांचा, सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या निकालात न्यायमूर्तींनी ऋग्वेदातल्या त्या सूक्ताची आणि महाभारताची आठवण करून देऊन सांगितले की जुगार हा काही संविधानाने राखलेला व्यापार नव्हे. आमच्या पाठशाळेतल्या कोणाला त्या वेळी हे कळले असते तर पेढे वाटले असते. पुढे १९६७ मध्ये त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. त्या रेघेच्या आडोशाने मोबाइलवरचे डाव वाढले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांतली ती रेघच पुसली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळवायचे नाही असे ठरवले. या पोराचे पैसे त्याआधीच गेले होते.

परंतु कायद्याने रेघ पुसली तरी मनातली पुसत नाही. हा तरुण मला सांगत होता, "महाराज, मला खेळ येतो हो. पहिले तीन महिने मी वर होतो." मी त्याला म्हटले, हीच तर गोची आहे. श्री ४२० च्या नायकालाही खेळ येत होता. बोटांत सफाई नसती तर माया त्याला दारातूनच कपडे घेऊन परत पाठवती, आणि तो धोब्याकडे इस्त्री करीत सुखाने राहता. नळाचे पाहा. पहिल्या वेळी त्याला फाशांचे मर्म ठाऊक नव्हते, तेव्हा दमयंतीपाशी त्याचा हात अडला. पुढे ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून परतला, पुष्कराला पुन्हा बोलावले, आणि या वेळी काय केले? आपल्या मिळकतीबरोबर दमयंतीलाही पणाला लावले! जिंकला, राज्य आले, म्हणून आख्यान गोड झाले आणि आपण ती जागा विसरतो. मी स्वतः तीस वर्षे हे आख्यान लावतो आणि ती ओळ गिळून पुढे जातो, हे कबूल करतो. अज्ञानाने जे केले नाही ते ज्ञानाने केले. कौशल्याने जुगाराचा दोष धुतला जात नाही. कौशल्य भीती तेवढी धुऊन टाकते.

आणि जिंकण्याबद्दल एक गोष्ट माझ्याच पदरची सांगतो. पाठशाळेतच, गोकुळाष्टमीच्या रात्री, जागरणाच्या नावाखाली आम्ही तीन पत्ती मांडली. मी सव्वाअकरा रुपये जिंकलो. त्या काळी मला ती रक्कम आभाळाएवढी. सकाळी कळले की ज्याच्याकडून बहुतेक रुपये आले त्याची ती परीक्षेची फी होती. मी परत दिले का? नाही. तो म्हणाला, "राहू दे, डावाचे आहेत." मी ते वाक्य ऐकून मोकळा झालो. त्याने त्या वर्षी परीक्षा दिली नाही. हरणाऱ्याला निदान रडू येते, त्याला कोणी तरी जवळ घेते. जिंकणाऱ्याचे काय चुकले हे त्याला कोणी सांगत नाही, तोही विचारीत नाही. पन्नास वर्षे झाली. ते सव्वाअकरा रुपये माझ्याकडे अजून आहेत असेच मला वाटते.

सिनेमाचा शेवट मला पूर्वी फार आवडे, या वेळी अडखळलो. नायकाला पश्चात्ताप होतो हे खरे. पण लबाडांना पकडून देतो तो आणखी एक लबाडीचा डाव टाकून, मेल्याचे सोंग घेऊन. पत्त्यांतली ती सफाई शेवटच्या क्षणापर्यंत सुटतच नाही, फक्त तिचे तोंड दुसरीकडे वळते. प्रेक्षक टाळ्या पिटतात. मी तरुणपणी पिटल्या होत्या. आता वाटते, त्या पोराने आज जर असे ठरवले की एक शेवटचा मोठा डाव मारून पाटल्या सोडवतो आणि मग खेळ बंद, तर तो सिनेमाच्या नायकासारखाच वागतो आहे असे त्याला वाटेल. आणि तो तसे ठरवूनच माझ्याकडे आला होता, हे मला तिसऱ्या भेटीत समजले. माळ उतरवायची होती ती याच साठी. गळ्यात माळ असताना शेवटचा डाव टाकवेना!

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की माळ काहीच उपयोगाची नव्हती असे मी जे मनात धरले होते ते चूक होते. तिने तीन लाख वाचवले नाहीत. पण शेवटच्या डावाच्या दारात ती घशाशी टोचली. मी माळ उतरवायला ठाम नकार दिला. "टोचते तर टोचू दे," म्हटले.

एक मात्र त्या सिनेमाचे सांगितले पाहिजे. शंभर-शंभर रुपये गोळा करून शेठ गरिबांना लुटतो. पण नायक अखेरीस लोकांना हेच सांगतो की तुमचे शंभर-शंभर तुम्हीच एकत्र आणले तर त्याचीच शक्ती होते. हे वाक्य सिनेमातले म्हणून सोडून देऊ नका. पिंपरीच्या कारखान्यांतून, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली तेव्हापासूनच्या कामगार वस्त्यांतून, भिशी चालत आली आहे. दहा जण महिन्याला ठरावीक रक्कम टाकतात, चिठ्ठी काढतात, ज्याचे नाव निघेल तो उचलतो. चिठ्ठी तिथेही, नशीब तिथेही. मग भिशी जुगार का नव्हे? माझ्या मते फरक इतकाच, की भिशीत नशिबाकडे फक्त 'आधी कोण' एवढेच विचारायचे असते. 'बुडायचे कोणी' हा प्रश्नच तिथे नसतो. दहावा नंबर लागलेल्याचेही पैसे त्याचेच. जिथे एकाच्या घरी दिवा लागायला दुसऱ्याच्या घरचा विझावा लागतो, तिथे कौशल्य असो की नशीब, मला ते एकच.

या वस्तीला ज्यांचे नाव आहे त्या तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी भावाला त्याच्या वाटणीची खतपत्रे दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण सगळे सांगतो. भावाच्या वाटणीची बुडवली नाहीत, हा भाग मात्र आपण भराभर सांगून टाकतो. आपल्या वैराग्यापायीसुद्धा दुसऱ्याचे पणाला लावायचे नाही, एवढा हिशेब त्यांनी त्या क्षणीही चोख ठेवला होता.

मी त्या तरुणाला उपास, पारायण, काही सांगितले नाही. एक दोन रुपयांची वही घे म्हटले (आता दोन रुपयांना मिळत नाही, पण तोंडात बसले आहे). त्यात कोणाचे किती घेतले ते तारखेसह लिही. ऐकीव आकडा नको, पावती पाहून लिही. मग ती वही बायकोसमोर ठेव आणि ती काय विचारील त्याला उत्तर दे. प्रश्न सूक्ष्म आहे असे म्हणू नकोस. घरातला मोबाइल रात्री तिच्या उशाशी राहू दे. कारखान्यातल्या भिशीवाल्यांना खरे सांग, ते तुझा नंबर आधी लावतील का ते विचार.

त्याने विचारले, "आणि ती सोडून गेली तर?" मी म्हटले, "तिला तो अधिकार आहे." यावर तो बराच वेळ गप्प होता. मीही गप्प होतो. बाहेर मेट्रो थांबल्याचा आवाज आला, रात्रपाळीची मंडळी उतरत होती.

ती गेली नाही. पण तीन आठवडे बोललीही नाही, आणि बोलली तेव्हा पहिला प्रश्न तिने तोच विचारला जो मी विचारला होता, पाटल्या कोणाच्या. वहीत तिने स्वतःच्या हाताने दोन खाती वाढवली आहेत, आईच्या नावाचे एक आणि तिच्या स्वतःच्या नावाचे एक. भिशीचा नंबर भिशीवाल्यांनी पुढे घेतला, मात्र एकमत झाले नाही. दोघांनी विरोध केला आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मला म्हणवत नाही. परवा त्याचा फोन आला. एक पाटली सुटली आहे. दुसरीचे व्याज चालू आहे.